गाडीची चप्पल

तार आली तेव्हा मी शेजारणींना वहिनीचीच नक्कल करून दाखवत होते. डोळ्यांवर पदर बांधलेला, डावा हात हवेत गिअर शोधतोय, पाय जमिनीवर क्लच दाबतोय… बायका हसून हसून लोळत होत्या. तारवाला दारात कितीतरी वेळ तसाच उभा होता म्हणे. मी पदर सोडला, कागद उघडला. वाईला वहिनी वारली होती. त्याला आता सव्वा महिना झाला. ही नक्कल मी तीस वर्षं करत आले आहे. पण तिच्यातला एक प्रवेश मी कायम गाळला. तो आज सांगते. वहिनीची परवानगी नाही, पण आता ती मला गप्प तरी कशी करणार?

शेहेचाळीस सालची गोष्ट. माझा थोरला भाऊ, दादा, वाईत डॉक्टर होता. दर गुरुवारी तो आपल्या जुन्या काळ्या मोटरीतून घाट चढून पाचगणीला जायचा आणि वाटेवरच्या वस्त्यांतले रोगी बघत खाली यायचा. मोटर दांडा फिरवून सुरू करावी लागे. त्या पावसाळ्यात दांडा उलटा फिरला, दादाचं उजवं मनगट मोडलं आणि जुळलं ते वाकडंच. घाटातली वळणं त्या हाताला झेपेनात. भरवशाचा ड्रायव्हर मिळेना. शेवटी सांगलीच्या एका हळदीच्या व्यापाऱ्याला त्यानं गाडी विकत देऊ केली. दिवाळी झाली की येऊन नेतो, असं त्यांचं उत्तरही आलं.

"आता दवाखान्यात येतील तेवढेच रोगी बघायचे," दादा जेवताना म्हणाला.

वहिनी ताक वाढत होती. "आणि ज्यांना येता येत नाही ते?"

दादा भात कालवत राहिला.

"मी शिकते गाडी."

"अगं, टांगा आहे का तो?"

"टांगा असता तर घोड्यानं सांभाळून घेतलं असतं. हिला सांभाळणारं कोणी नाही, म्हणून शिकायचं."

दादाला तिचा हा आवाज ओळखीचा होता. त्यानं अट घातली. दिवाळीपर्यंत शिकायचं, मग पाचगणीला जाऊन परत यायचं. शेजारी कोणीही बसो, पण त्याचा हात गाडीला लागला, तर गाडी सांगलीला!

शिकवायला आले सखाराम हवालदार. कडेगावकडचे, लढाईत पलटणीचे ट्रक हाकून आलेले, दोन महिन्यांच्या रजेवर. त्यांच्या वडिलांना दादानं बरं केलं होतं. परक्या पुरुषाशेजारी घरची बाई एकटी कशी बसणार, म्हणून मागच्या सीटवर माझी नेमणूक झाली. मी तेव्हा वीस वर्षांची, लग्नाची, आणि घरात फुकट करमणूक करणारी. अशी जागा मिळाल्यावर मी कशाला सोडते!

नुकताच दसरा झाला होता. बॉनेटवर हळदीकुंकू, स्टिअरिंगला सुकलेला झेंडूचा हार. जिची पूजा केली तिच्यात पायताणं घालून बसायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. चपला शेडच्या दाराशी काढायच्या. हवालदारांनीही आपले पलटणीचे बूट निमूट काढले. म्हणाले, "झ्याक हाय. उघड्या पायाला बिरेक लवकर कळतो. पन वैनीसाब, पायापाशी काय बी ठेवायचं न्हाई. पिशवी न्हाई, डबा न्हाई, काय न्हाई."

पहिले आठ दिवस त्यांनी इंजिन सुरूच करू दिलं नाही. गाडी शेडमध्ये उभी, वहिनीच्या डोळ्यांवर पदर बांधलेला, आणि हवालदार कवायतीच्या आवाजात ओरडतायत, "हातब्रेक! हॉर्न! क्लच! काचंचा पुसणा!" तो पुसणा हातानं फिरवायचा असे. वहिनी चाचपडायची, चुकायची, पुन्हा हात न्यायची.

"डोळं बांधायचे कशाला, हवालदार?" तिनं एकदा वैतागून विचारलं. त्यांची बोली तिच्या तोंडात बसायला लागली होती.

"डोळं रस्त्याचं हायती. गाडी हातापायानं बघायची."

समोरच्या आरशात ती कुंकू नीट करायला लागली की ते खाकरायचे. "त्यो आरसा तुमच्यासाठी न्हाई, वैनीसाब. मागनं कोन येतंय त्येच्यासाठी हाय." दांडा कसा धरायचा हे तर त्यांनी पन्नासदा करून घेतलं. अंगठा मुठीत वळवायचा नाही, बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, म्हणजे दांडा उलटला तरी हात सुटतो. दादा ओट्यावरून ते बघत होता. त्यानं आपल्या वाकड्या मनगटाकडे पाहिलं आणि आत निघून गेला.

स्वयंपाकघरात वहिनीनं तीन पाट मांडले. डावा क्लच, मधला ब्रेक, उजवा एक्सिलरेटर. डाव्या हातात गिअर म्हणून पळी. आमटी उकळत असायची आणि ही डोळे मिटून पाट दाबत असायची. एकदा गिअर बदलताना पळीभर आमटी माझ्या अंगावर आली. "वन्सं, मागे बसलात तर वाहनाचं सगळं सोसायचं," एवढंच म्हणाली.

दिवाळी झाली. ठरलेल्या गुरुवारी सांगलीचे व्यापारी सकाळीच येऊन ओसरीवर बसले. वहिनीनं देवाला नमस्कार केला, दांडा मारला, गाडी बाहेर काढली. हवालदार शेजारी, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. मागे मी… आणि इथंच तो गाळलेला प्रवेश येतो.

पाचगणीत साहेबी शाळा, फिरायला निघालेल्या मडमा. तिथं मी अनवाणी चालू? माझी नवी करकर वाजणारी चप्पल मी पदराखालून गाडीत आणली आणि वहिनीच्या सीटखाली सारली. चढताना काही झालं नाही. पाचगणीत मी ऐटीत दोन फेऱ्या मारल्या, आणि निघायची घाई झाली तेव्हा चप्पल पुन्हा तिथंच ढकलली.

"ज्या गिअरात चढली, त्याच गिअरात उतरवायची," हवालदार म्हणाले. तशी ती उतरवत होती, अगदी सावकाश. निम्मा घाट उतरलो आणि एका वळणापलीकडे गवतानं भरलेली बैलगाडी रस्ता अडवून उभी दिसली.

"बिरेक!"

"दाबतेय! खाली जात नाहीय!"

हवालदारांचा हात मांडीखालून सुटला.

"हात आत!" वहिनी ओरडली. असा आवाज मी तिच्या तोंडून पुन्हा कधी ऐकला नाही. तिची नजर रस्त्यावरून हलली नाही. हात मात्र एकदाही न चाचपडता हातब्रेकवर गेला. तिनं तो दमानं ओढला, हॉर्न दाबला, आणि गाडी दरीकडून काढून डोंगराच्या अंगाला घातली. मडगार्ड खडकाला खरवडत गेलं. बैलांपासून दोन हातांवर आम्ही थांबलो.

"आवं बाई, जरा दमानं! बैलं म्हातारी हायती माजी," गाडीवान म्हणाला.

"माझी गाडीही म्हातारीच आहे," वहिनी म्हणाली. "जा तुम्ही पुढे."

हवालदार वाकले आणि ब्रेकखालून त्यांनी माझी चप्पल ओढून काढली. सीटखालून घसरत ती तिथं अडकली होती. त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. मी रडायलाच लागले.

वहिनीनं इंजिन बंद केलं. चपलेकडे बघत म्हणाली, "गाडीत सापडली ना? मग ती गाडीची. आणि निघण्याआधी पायापाशी बघायचं काम माझं होतं, हवालदार. ते मी केलं नाही." मग खाली उतरली, अंगठा बाहेर ठेवून दांडा मारला आणि गाडी घरी आणली.

दादानं आधी मडगार्ड पाहिलं. "हात लावला?"

"न्हाई जी," हवालदार म्हणाले. "लावला असता तर वैनीसाबनी तोडला असता."

"मग हे काय?"

वहिनीनं सांगलीकरांच्या देखत सगळं सांगितलं. ब्रेक, बैलगाडी, खडक, काहीच लपवलं नाही. दादानं विचारलं, "चप्पल कोणाची?"

"गाडीची."

दुसरी चप्पल पदराआड धरून मी खांबामागे उभी होते.

सांगलीकरांनी चहाची बशी खाली ठेवली. "डॉक्टर, गाडी राहू द्या तुमच्याकडंच. एवढं झाल्यावर मी ती न्यायची म्हणजे…" वाक्य त्यांनी तसंच सोडलं. दोन वर्षांनी ते पुतण्यासाठी मला मागायला आले. गाडीऐवजी मला नेलं. कोणता सौदा महागात पडला, हे सांगायचं ते शेवटपर्यंत हसत टाळायचे.

वहिनीनं साताऱ्याला जाऊन लायसन काढलं. पुढची वीस वर्षं दर गुरुवारी दादा तिच्या शेजारी बसून घाट चढला. ज्यांना येता येत नव्हतं, त्यांच्या दाराशी गाडी जात राहिली. बसण्याआधी ती वाकून पायापाशी बघायची, मग हातब्रेक, गिअर, हॉर्न, आरसा, सगळ्याला ओळीनं हात लावायची. ती चपटलेली चप्पल तिनं शेडच्या भिंतीला खिळ्यावर टांगली. कोणी विचारलं की उत्तर एकच. दादा जाईपर्यंत त्यालाही दुसरं उत्तर मिळालं नाही.

चौदाव्यानंतर मी सांगलीला परत निघाले. वहिनीची सूनबाई मला त्यांच्या नव्या गाडीतून स्टँडवर सोडणार होती. दार उघडून ती आधी वाकली आणि पायापाशी बघितलं. मग खिळ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आत्या, सासूबाई म्हणायच्या ही चप्पल गाडीची. पण ती गाडी जाऊन किती वर्षं झाली. खरं कोणाची हो ही?"

"माझी," मी म्हटलं.

ती हसली नाही. "मग न्यायची का?"

मी चप्पल हातात घेतली. तिच्यावर ब्रेकच्या दांडीचा वळ अजून उमटलेला होता. ती मी परत खिळ्याला लावली. पायातल्या काढून तिच्याखाली ठेवल्या आणि गाडीत बसले.

सांगलीच्या स्टँडवर अनवाणी उतरले. लोक बघत होते. बघू देत.