भोंगा वाजला की चौकटीत

घाबरण्याच्या बाबतीत माझ्या थोरल्या मेहुण्यांचा हात धरणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत सापडायचा नाही. जंगलाकाठची माणसं वाघाला घाबरतात, हे समजण्यासारखं आहे. मेहुणे वाघाच्या बातमीलाही घाबरतात. वाघाचा फोटो आलेलं वर्तमानपत्र ते उलटी घडी घालून ठेवतात. ते कुकरला घाबरतात, लिफ्टला घाबरतात. माझ्या लग्नात फोटोग्राफर म्हणाला, “काका, जरा मागे सरका,” तेव्हा मागे काय आहे हे पाहायला ते वळले आणि फोटोत त्यांची नुसती पाठ आली. “भेव असलं म्हणजे मानूस नजर ठेवून राह्यते, जवाई,” असं ते मला समजावतात, आणि बोलताना नजर छताच्या पंख्यावर असते.

थोडा दोष त्यांच्या गावाचा, गडचांदूरचाही आहे. मेहुण्यांचं घर खाणीच्या बाजूला. सिमेंटसाठी चुनखडी फोडायला दुपारी सुरुंग लावतात. आधी भोंगा होतो, मग जमीन हादरते, मग सगळं आटोपल्याचा सुटीचा भोंगा. पहिला भोंगा झाला की गल्लीभर ठरलेली कामं सुरू होतात. लोणच्याच्या बरण्या फळीवरून खाली येतात, काचा फुटू नयेत म्हणून खिडक्या उघडल्या जातात, आणि घरातली सगळी माणसं दाराच्या चौकटीत, कानाला दडे बसू नयेत म्हणून तोंड उघडं ठेवून उभी राहतात. सुटीचा भोंगा होईपर्यंत कुणी हलत नाही. लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा चहाचा कप हातात असतानाच मला ओढून चौकटीत उभं केलं होतं.

अशा माणसाची एकुलती एक मुलगी ड्रम वाजवते. जयंतीच्या मिरवणुकीत तिने विहाराच्या मंडळाचा ताशा गळ्यात अडकवला तो अडकवलाच, आणि चंद्रपूरला कॉलेजात गेल्यावर पोरांबरोबर चक्क रॉक बँड काढला. त्यांचा पहिला मोठा कार्यक्रम ठरला तो नाट्यगृहात. तिथे नाटकं होतात, सत्कार होतात, कुणी खोकलं तरी शेजारचा वळून पाहतो. कार्यक्रमाआधी तिने बापाला फोन केला. “बाबा, तुमी समोरच बसजा. मलेबी लय भेव लागून राह्यलं. मधात मी मान वर करून पाहीन. तुमची खुर्ची खाली, रिकामी दिसली त माहा हात उचलनार नाई.”

मेहुणे दोन जेवणं जेवले नाहीत. पण आले. भाड्याच्या दोन-तीन जीपमध्ये गल्लीतली मंडळी भरून आले. नाट्यगृहात शिरताच त्यांनी वर पाहिलं. “जवाई, एवढं मोठं छत, अन् मधात एक खांब नाई?” मग मखमली पडद्याकडे पाहत हळूच म्हणाले, “लोकं हसले त पोरीले?” खरी भीती ती होती. ती मलाही चिकटली.

दिवे गेले. काळोखात एकदम भोंगा वाजला. बँडने पहिल्या गाण्याची सुरुवात म्हणून कीबोर्डवर तो बसवला होता, थेट खाणीसारखा चढत जाणारा. पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते. आमच्या गल्लीने भरलेल्या पुढच्या दोन्ही रांगा एकदम उठल्या. ढकलाढकली नाही, आरडाओरडा नाही. सगळं गडचांदूर शिस्तीत जाऊन दारांच्या चौकटींत तोंडं उघडी ठेवून उभं राहिलं. मीही. दारावरचा माणूस घाबरला. “काका, आग लागली का?”

“नाई बा,” मेहुणे म्हणाले, “अजून हादरा याचा हाय.”

हादरा आलाच. ड्रम सुरू झाले आणि चौकट थरथरली. आता सुटीच्या भोंग्याशिवाय कुणी जागचं हलणार नव्हतं, आणि तो भोंगा बँडकडे नव्हता. गाणं मध्यावर आलं तेव्हा पोरीने मान वर केली. समोर रिकाम्या रांगा. तिचा वर उचललेला हात तसाच राहिला. एकटी गिटार पुढे वाजत राहिली, मागून कुणीतरी शिटी मारली आणि चारदोन जण हसले.

मेहुण्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. “जवाई, सुटीचा भोंगा?”

“नाही वाजायचा, भाऊ.”

त्यांनी एकदा छताकडे पाहिलं आणि चौकट सोडली. दोन्ही हात डोक्यावर धरून, वाकून ते उतरत्या वाटेने एकटेच खाली गेले आणि समोरच्या खुर्चीवर बसले. पोरीने पाहिलं. तिचा हात खाली आला तो असा, की माझ्या छातीत वाजला. मग हळूहळू गल्लीही आपापल्या जागी परतली. शेवटी लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. मेहुण्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. खुर्चीचे हात सोडायची त्यांची छाती झाली नाही.

पोरगी आता बँडबरोबर बंगळुरूला असते. सणालाही येणं जमत नाही. गडचांदूरला दुपारचा भोंगा अजून होतो, बरण्या खाली येतात, बाकी सगळे चौकटीत उभे राहतात. मेहुणे मात्र खोलीच्या मधोमध खुर्ची मांडून, तिचे हात आवळून बसतात. मागे गेलो तेव्हा मी चौकटीतून विचारलं, “भाऊ, भीती नाही वाटत?”

“लागते ना बा,” ते घाम पुसत म्हणाले. “पन तिकडं तिनं मान वर केली, अन् खुर्ची खाली दिसली त?”

बंगळुरूहून ही खुर्ची दिसत नाही, हे त्यांना सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.