चार वाजताचा मिक्सर

गावच्या जत्रेतल्या नाटकांत मी वर्षानुवर्षं खलनायक केला. गडगडाटी हसून पोरंसोरं रडवली. पण माझी सगळ्यात झकास भूमिका मी माझ्याच ओट्यावर केली, आणि तीही एकाच प्रेक्षकासमोर.

निमगाव साव्याच्या आमच्या मळ्यातून उसापलीकडं पाहिलं की रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या थाळ्या दिसतात. दूरच्या ताऱ्यांकडून येणाऱ्या अगदी क्षीण लहरी त्या टिपतात. तिथं सहा महिन्यांच्या प्रशिक्षणाला आलेली, यवतमाळकडची एक मुलगी एका दुपारी सायकलवरून दारात उतरली. हातात माशाच्या काट्यासारखा अँटेना, गळ्यात त्याला जोडलेली, लहरी पकडणारी पेटी.

"काका, चार वाजता तुमच्याकडं काय चालू असतं? या बाजूनं खरखर येते. त्यात ताऱ्यांचं सगळं बुडून जातं."

मला लगेच उमगलं. बायकोचा जुना मिक्सर! ती वारल्यापासून मी रोज चारला त्यात शेंगदाण्याची चटणी वाटायचो, आणि मोटारीतून निळ्या ठिणग्या उडून घरचा रेडिओसुद्धा खरखरायचा.

खरं सांगितलं असतं तर पोरगी पाच मिनिटांत निघून गेली असती. त्या आठवड्यात माझ्याशी बोललेला दुसरा माणूस म्हणजे डेअरीवरचा, आणि तोही "फॅट कमी लागलंय" एवढंच. मी भुवई चढवली.

"आमच्यात न्हाई बाई तसलं काय. शेजारच्या कुंपणाचं झटका-मशीन बघा. च्या घेणार?"

घेतला की! दुसऱ्या दिवशी चारला मी मिक्सर फिरवला, लपवला, आधण ठेवलं. दहा मिनिटांत सायकल हजर.

"आत्ता होती, काका!"

"कोण?"

तीन आठवडे हा खेळ रंगला. आम्ही मिळून ट्यूबलाइट उतरवली, विहिरीचा स्टार्टर उघडला. चहा पिताना ती सांगायची की खोलीतली मैत्रीण सोडून गेली, आता जेवताना मोबाइल समोर उभा करून ठेवते. मी ऐकायचो, आणि पुन्हा कप भरायचो.

एका सोमवारी चहावर साय धरली तरी तिनं कपाला हात लावला नाही.

"शुक्रवारी शेवटचा अहवाल. मूळ सापडलं नाही तर पुढच्या नोकरीला साहेब शिफारस देणार नाहीत. घरी काय सांगू?"

मी उठलो. रिकामा मिक्सर तिच्यापुढं आणून बटण दाबलं. पेटी कडाडली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"व्हतं."

"कधीपासून?"

"पयल्या च्यापासून."

"काका! मी अर्ध्या गावाच्या मोटारी तपासल्या!"

"लई झ्याक तपासल्या."

ती हसली नाही. नाटकात माझं वाक्य असं कधी पडलं नव्हतं. तिनं आठ वेळा मिक्सर लावायला लावला, आकडे टिपले, मग नकाशा दाखवला. आमच्या घरावर लाल ठिपका होता.

"हा बंद ठेवा. मग हा ठिपका निघून जाईल."

शिफारस मिळाली. उपग्रह बनवतात तिथं, दक्षिणेत, ती लागली. एकदाच फोन आला.

"चटणी कशात वाटता आता?"

"पाट्यावर."

"छान," म्हणाली. पलीकडून तिला कुणी हाक मारली.

चार वाजले की मी वरवंटा जरा जोरातच ओढतो. उसापर्यंत ऐकू जातो. पण असला आवाज त्या पेटीत येत नाही.