मंडपवाल्याचा तंबू

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका मंडपवाल्याचं दुकान होतं. बोलता बोलता हातातल्या सुतळीला गाठी मारायच्या आणि समोरच्याचं म्हणणं पटलं की त्या सोडायच्या, ही त्याची सवय. लातूर नवाच जिल्हा झाला होता, पण नळाला पाणी आठवड्यानंच यायचं. त्या दुष्काळी उन्हाळ्यात आम्ही नवरा-बायको पहिल्यांदाच सह्याद्रीत डोंगर चढून मुक्काम करणार होतो. म्हणून त्याच्याकडे तंबू मागायला गेलो.

"कार्य कुणाचं हाय?"

"कार्य नाही. डोंगरावर झोपायचंय."

"घर हाय की तुमाला." एक गाठ. "नवस बोललाव का?"

"नाही हो."

"मग वर देव कोणता हाय?"

"देव नाही. चढायचं, झोपायचं, उतरायचं."

आणखी एक गाठ. त्याला समजावताना मलाच कळेना, आपण नेमकं कशाला चाललोय. काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "तिथं झरा आहे. उन्हाळ्यातही वाहतो."

त्यानं सगळ्या गाठी सोडल्या. आतून तंबू आणला. मग लग्नसराईत वरणानं माखलेल्या दोन सतरंज्याही आणून माझ्या खांद्यावर टाकल्या.

"भाडं नको. एवढ्या धुऊन आणा."

आता कुणी विचारलं तर कशाला चाललोय, ते सांगता येत होतं.