मी स्थानिक पालक झालो ती दुपार

"गनपत, आज आखिरी दिन है. जिसके साथ गार्जियन नहीं, वो अंदर नहीं आएगा."

प्रिन्सिपॉलसाहेब एवढं बोलले आणि आत पंख्याखाली जाऊन बसले. मी "जी साब" म्हणालो, दाराबाहेरच्या स्टुलावर बसलो आणि पेंगायला लागलो. "जी साब" म्हणणं आणि पेंगणं, या दोन कामांत माझा हात धरणारा आख्ख्या लष्करात कुणी नव्हता. लष्कर म्हणजे फौज नाही हं, आमच्या ग्वाल्हेरचा एक भाग. तिथल्या एका कॉलेजात मी चपराशी होतो.

त्याआधी मी राजवाड्यात चोपदार होतो. चोपदार म्हणजे चांदीची काठी घेऊन दरबाराच्या दाराशी उभा राहणारा. कुणी मोठा माणूस आला की "निगाह रखो!" असं ओरडायचं. ते ऐकून सगळ्यांनी उठून उभं राहायचं. माझा बाप हेच करायचा, आजा हेच करायचा. याला शिक्षण लागत नाही, फुप्फुसं लागतात. शाळेत मला एकदाच नेलं होतं. मी वर्गात ओरडलो आणि मास्तरच उभे राहिले. मग मला घरी पाठवलं.

पुढे संस्थान विलीन झालं. मध्यभारत आला, तो गेला, मध्यप्रदेश आला. राज्यं बदलत होती आणि आम्हां जुन्या नोकरांना इकडून तिकडे वाटत होते. माझी काठी सरकारजमा झाली. आवाज कुणी मागितला नाही, तो राहिला माझ्याकडे. कॉलेजात मला बसायला स्टूल मिळालं. राजवाड्यात जन्मभर उभा होतो, त्यामुळे स्वराज्याचा एवढा फायदा मला तरी नक्की झाला.

बी.ए.ला प्रवेश घ्यायचा तर काय काय लागायचं, ते सांगतो. एक, इंटर पासची मार्कशीट. दोन, आधीच्या कॉलेजचं कॅरेक्टर सर्टिफिकेट. तीन, पालक. वडील बाहेरगावी असतील तर गावातलाच कुणी जाणता माणूस समोर उभा राहून जबाबदारी घ्यायचा. त्याला म्हणायचे लोकल गार्जियन, म्हणजे स्थानिक पालक. पूर्वी हे कुणी एवढं विचारत नसे. सरदाराची चिठ्ठी आली की बाकीचं मागाहून चालायचं. पण हे प्रिन्सिपॉलसाहेब नव्या राज्याबरोबर जबलपूरकडून आलेले. त्यांना सरदार ओळखू यायचे नाहीत, आणि सरदारांना ते.

तर त्या दिवशी सकाळपासून एक मुलगी समोरच्या बाकावर बसलेली. सुमन जगदाळे नाव. शिंदे की छावनीतून पायी आली होती.

"काका, मी आत जाऊ?"

"बरोबर कोण आहे?"

"कुणी नाही. बाबा पठाणकोटला आहेत, पलटणीत. त्यांचं पत्र आणलंय."

"पत्र नाही चालत, बेटा. माणूस पाहिजे. घरी मोठं कोण?"

"मामा." तिनं पत्राची घडी घातली. "ते म्हणाले, इंटर झाली, बस झालं. आज प्रवेश नाही झाला तर पुढल्या महिन्यात बघायला येणारेत. मी नाही आणलं त्यांना."

मी बाबांचं नाव विचारलं. यशवंत जगदाळे, म्हणाली. अरे! यशवंत म्हणजे राजवाड्याच्या पहाऱ्यावरचा. दसऱ्याच्या स्वारीत मी पुढे ओरडत चालायचो आणि तो मागून पाय आपटत यायचा. त्याच्या बुटांवर माझा ताल असायचा. संस्थानाची फौज देशाच्या फौजेत गेली तेव्हा तोही गेला. बायको आधीच वारली होती. पोरगी मामाकडे.

"मग ओळखता ना बाबांना? मग सोडा ना आत."

"ओळखतो म्हणून काय झालं? माझी नोकरी जाईल."

बघा, असा मी शूर. राजवाड्याच्या दारावर उभं राहून पोट सुटलं होतं, छाती नव्हती सुटली. ती बाकावर जाऊन बसली. मी तिला माठातलं पाणी दिलं. तेवढं नियमात बसत होतं.

दुपार झाली. बाकीची मुलं आपापले वडील, काका घेऊन येऊन गेली. व्हरांडा रिकामा झाला. दाराला वाळ्याची ताटी लावलेली, तिच्यावर मीच पाणी मारलेलं. वाऱ्याबरोबर तो ओला वास यायचा आणि डोळे आपोआप मिटायचे. समोर किल्ला धुळीत तरंगत होता. खालचा डोंगर दिसतच नव्हता, नुसता किल्ला, जसा कुणी आभाळात ठेवून विसरून गेला. कबुतरं घुमत होती. आत सक्सेनाबाबूंचा, म्हणजे हेडक्लार्कचा, शिक्का पडत होता. ठप्. जरा वेळानं ठप्.

मग ते शिक्के बूट झाले. मला स्वारी दिसायला लागली. हत्तीच्या पायातल्या घंटा, गुलाबपाण्याचा शिडकावा, माझ्या हातात चांदीची काठी, गार. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी माणसं, पण कुणाचाच आवाज नाही. मागे यशवंताचे बूट. तो हळू आवाजात म्हणाला, "गणपत, झोपलास काय? मागून येतंय ना कुणी. ओरड की!" मी वळून पाहिलं, तर उजेडातून कुणीतरी चालत येत होतं. चेहरा दिसेना. पण एवढ्या उजेडातून येतंय म्हणजे मोठंच असणार.

मी उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि ओरडलो, "निगाह रखोऽऽ!"

डोळे उघडले तेव्हा ताटी बाजूला झाली होती आणि सुमन दारात उभी होती. मी झोपलोय बघून ती गुपचूप आत निघाली होती. माझ्या हातात काठी नव्हती, झाडू होता.

आत बघतो तर काय! प्रवेशाच्या कामाला बसलेले संस्कृतचे देवस्थळी सर उभे. तेसुद्धा नुसते नाहीत, कमरेत वाकून, हात कपाळाला. त्यांचं सगळं घराणं दरबारी. सक्सेनाबाबू उभे, हातात शिक्का तसाच. त्यांचे वडील राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कारकून होते. आणि हे सगळे उठले म्हणून गडबडून प्रिन्सिपॉलसाहेबही उभे!

"कौन आया? मिनिस्टर साब आए क्या?"

सुमन रडवेली होऊन म्हणाली, "मी आले, सर. बी.ए.साठी."

"गनपत! ये क्या तमाशा है?"

"साब, मी... मुझे लगा... स्वारी आली."

साहेब खाली बसायला गेले. देवस्थळी सर घाईनं म्हणाले, "नहीं नहीं, अभी मत बैठिए, साब."

"क्यों?"

"जिसके लिए खड़े हुए, पहले वो बैठेगा. यहाँ का कायदा है."

"देवस्थलीजी, ये दरबार नहीं है, कॉलेज है."

"जी साब. लेकिन खड़े तो आप भी हैं."

देवस्थळी सरांनी आपली खुर्ची ओढून पुढे केली. "बस मुली," म्हणाले. ती टोकावर बसली. मग सगळे बसले. आता आली पंचाईत. जिला खुर्ची दिली तिला दारातूनच परत कसं धाडणार? साहेबांनी मार्कशीट घेतली. ती चांगली निघाली. सर्टिफिकेट पाहिलं. तेही ठीक. मग त्यांनी चष्मा काढला.

"गार्जियन कहाँ है?"

सुमन खाली बघायला लागली. मला अजून पुरती जाग आली नव्हती. कानात यशवंताचे बूट वाजतच होते. आणि मी म्हणालो, "हजर आहे, साब."

"कौन?"

"मैं."

"तू? तू तो चपरासी है!"

"जी. वो भी हूँ."

साहेबांनी सक्सेनाबाबूंकडे पाहिलं. "नियम देखिए. चपरासी गार्जियन हो सकता है?"

सक्सेनाबाबूंनी नियमाचं पुस्तक काढलं, बोट फिरवत वाचलं. "बालिग हो. इसी शहर का हो. सामने हाज़िर हो. बस, साब."

मी तिन्हींत पास. जन्मात पहिल्यांदा. अन् तेसुद्धा अर्धवट झोपेत.

"पढ़ा-लिखा हो, ऐसा नहीं लिखा?"

"नहीं साब. लड़की के लिए लिखा है, गार्जियन के लिए नहीं."

साहेबांनी चष्मा परत चढवून माझ्याकडे पाहिलं. मग हसले. आल्यापासून पहिल्यांदा. "लगाइए अँगूठा." मी अंगठा लावला. ठप्, शिक्का पडला. या खेपेला तो शिक्काच होता.

संध्याकाळी मामा माधवगंजातल्या माझ्या खोलीवर आला. "तू कोण रे आमच्या पोरीचा?"

"स्थानिक पालक," मी म्हणालो. उघड्या दारात, आतून बायको ऐकत असताना. मामा आणखी मोठ्यानं ओरडायला लागला. पण ओरडण्यात माझ्यापुढे कोण टिकणार?

पुढली दोन वर्षं माझी फार गंमत झाली. पालकांची मीटिंग असली की मीच खुर्च्या लावायचो, मीच दाराशी नावं पुकारायचो. "गणपत चोपदाऽऽर!" असं ओरडून मग आत जाऊन बसायचो. चहा आणायला उठलो की साहेब म्हणायचे, "बैठिए, आप गार्जियन हैं." मग चहा आणायचा कुणी? शेवटी साहेबच किटली घेऊन यायचे. सुमन लेक्चरला उशिरा आली तर बोलणी मी खायचो. लेक्चरची घंटा मीच द्यायचो, तर एक-दोनदा जरा उशिरा दिली. आता सांगायला हरकत नाही.

ती बी.ए. झाली. पुढे मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. निकालाच्या दिवशी यशवंत रजा घेऊन आला होता. व्हरांड्यात माझ्या स्टुलाशेजारी उभा राहिला आणि त्यानं बूट आपटून मला सॅल्यूट ठोकला. मी तेव्हाही पेंगतच होतो. मला वाटलं, स्वप्नच आहे. म्हणून मी उत्तरच दिलं नाही. तो अजून त्यावरून मला टोमणे मारतो.

एवढ्या वर्षांच्या नोकरीत प्रवेशाचं मला कळलेलं ते एवढंच. नियमात पालक हजर पाहिजे असं लिहिलेलं असतं. तो जागा पाहिजे असं कुठेच लिहिलेलं नसतं.