गणिताच्या बाईंची रमी

पडदे शिवणाऱ्या ताईला लोकांच्या खिडक्या तोंडपाठ होत्या. कुणाची चौकट तिरकी, कुणाकडे दुपारचं ऊन थेट टीव्हीवर येतं, कुणाच्या नवऱ्याने ठोकलेली दांडी सहा महिन्यांत खाली येणार, सगळं तिला एका नजरेत कळायचं. मागच्या खोलीत बसलेली आपली आई दिवसभर काय करते, हे मात्र तिला दीड वर्ष कळलं नाही. यावरून पुढे तिने स्वतःला इतके बोल लावले की विचारू नका.

आई म्हणजे शाळेतल्या गणिताच्या बाई. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली, तरी अख्खी गल्ली त्यांना बाईच म्हणायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी लेकीने आईच्या खात्यात पैसे भरून ठेवले होते. "डॉक्टरांनी तारीख पुढे ढकलली," असं आईने तीनदा सांगितलं. चौथ्यांदा ऐकल्यावर ताईचं डोकं फिरलं. तिने मशिनवर बसल्या बसल्याच दवाखान्यात फोन लावला, डॉक्टरांना चार शब्द सुनवायला.

पलीकडच्या मुलीने यादी बघितली. "या नावाने तारीख कुणी घेतलेलीच नाही हो."

ताई मागच्या खोलीत गेली. आई फोन नाकाला टेकेल इतका जवळ धरून बसली होती.

"हे काय चाललंय?"

"रमी. मेंदूला व्यायाम होतो."

"आणि ऑपरेशनचे पैसे?"

"येतील परत."

"म्हणजे गेले?"

"गेले नाहीत, अडकलेत," आई म्हणाली आणि पुढचा पत्ता उचलला.

ताईने मोठ्या भावाला फोन केला. दादा दुसऱ्या गावात राहायचा आणि तिथून सल्ले द्यायचा. "फोन काढून घे तिचा. संपला विषय," तो म्हणाला. ताईने घेतला. आठवडाभराने खालचा लाँड्रीवाला कौतुकाने म्हणाला, "ताई, तुमचा दादा फार गुणी हो! बाई रोज माझा फोन नेतात त्याच्याशी बोलायला. तास-तास बोलतो बिचारा." दादा आठवड्यातून एकदा दोन मिनिटं बोलायचा, त्यातलं एक मिनिट हवेबद्दल. ताईने कपाळाला हात लावला.

मग मदत शोधायची वणवण सुरू झाली. नेहमीचे डॉक्टर हसले. "या वयात काहीतरी विरंगुळा हवाच की." व्यसनमुक्ती केंद्रात खिडकीमागच्या माणसाने फॉर्म पुढे ओढला.

"पेशंट किती पितो?"

"पीत नाही. पत्ते खेळते, फोनवर, पैसे लावून. माझी आई आहे."

त्याने पेन खाली ठेवलं. फॉर्मवर दारू होती, तंबाखू होती, गोळ्या होत्या. पत्त्यांना रकाना नव्हता. "आणि आमच्याकडे बायकांचा वॉर्डच नाही," असं म्हणून त्याने आपल्या बाजूने प्रश्न मिटवला. हेल्पलाइनवर वीस मिनिटं सनई ऐकल्यावर एक गोड आवाज म्हणाला, "त्यांना स्वतःहून बोलायचं असेल, तरच आम्ही काही करू शकतो."

"स्वतःहून बोलली असती तर मी कशाला सनई ऐकत बसले असते?" ताई म्हणाली आणि फोन ठेवला. नंतर तिला वाईट वाटलं, त्या मुलीचा काय दोष होता? पण तेव्हा ज्याच्या त्याच्याशी बोलताना तिचा तोल जात होता. एका गिऱ्हाइकाच्या पडद्याचं अस्तर तिने उलटं लावलं आणि त्याच गिऱ्हाइकाशी भांडून आली.

शेवटी मोठ्या सरकारी इस्पितळात, तिसऱ्या मजल्यावर, तिला एक समुपदेशक मॅडम भेटल्या. त्यांच्या टेबलाचा एक पाय छोटा होता आणि त्याखाली घडी घातलेला कागद होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मध्ये एकदाही "या वयात" म्हणाल्या नाहीत.

"आई येत नसेल तर तुम्ही या. बुधवारी दुपारी घरच्या माणसांचा गट बसतो. खेळ सोडलेले एकदोघंही असतात."

"आजारी ती, आणि औषध मी घ्यायचं?"

"तुमची झोप कशी आहे?" मॅडमनी विचारलं. ताईला इतका राग आला की ती पर्स उचलून निघाली. पण बुधवारी ती गेली.

गटात सात खुर्च्या होत्या. ताईला उपाय हवा होता, आणि तिथे लोक नुसते बोलत होते. तिच्या जिवावर आलं. समोर एक बसड्रायव्हर बसला होता, ऐसपैस अंगाचा, हळू बोलणारा. तो म्हणाला, "आठ वर्षं मी पैसे लावून खेळलो. का खेळतोस, हे सगळ्यांनी विचारलं. थांबताना काय होतं, ते कुणी विचारलं नाही."

ताईनेही कधी विचारलं नव्हतं. तिने आईला हिशेब विचारला होता, शपथा घातल्या होत्या, वर्तमानपत्रातली कात्रणं उशाशी ठेवली होती. सगळं पालथ्या घड्यावर पाणी.

"माझ्या आईशी बोलाल?" बाहेर पडताना तिने ड्रायव्हरला विचारलं.

"त्या हो म्हणाल्या तर."

आई हो म्हणाली, कारण तिला वाटलं, एक ड्रायव्हर मला काय शिकवणार! रविवारी सकाळी तो आला. बाईंनी त्याला खुर्चीत बसवलं आणि परीक्षा सुरू केली. बावन्न पत्त्यांत हवा तो पत्ता येण्याची शक्यता किती? दुसऱ्यांदा किती? ताई दारात उभी राहून दात-ओठ खात होती.

"बाई, मला गणित येत नाही," ड्रायव्हर म्हणाला. "मला फक्त थांबता येत नव्हतं."

बाई म्हणाल्या, "मला गणित येतं. पहिल्या दिवसापासून माहीत होतं की खेळवणाराच जिंकतो. फळ्यावर सिद्ध करून दाखवीन. तरी खेळत राहिले. चौतीस वर्षं पोरांना शिकवलं हो मी. कुठल्या तोंडाने सांगू कुणाला?"

आई खेळाच्या लोभाने गप्प बसते, असं ताई समजत होती. आई गप्प होती ती लाजेने. ताई आत जाऊन आईशेजारी पलंगावर बसली. ड्रायव्हरने चहा संपवला आणि खेळ सोडू पाहणाऱ्यांच्या शुक्रवारच्या गटाचा पत्ता कागदावर लिहून दिला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. आई शुक्रवारच्या गटात जाऊ लागली ती भांडतच. तिथल्या तक्त्यातली टक्केवारी चुकली आहे, हे तिने पहिल्याच दिवशी मॅडमना दाखवून दिलं. आईला फोन परत मिळाला, पण मॅडमच्या सांगण्यावरून त्यातली खेळाची ॲप बंद केली, पेन्शनचा व्यवहार ताईकडे आला. त्यावरून रोज खडाजंगी. दोन महिन्यांनी आई पुन्हा एकदा खेळली, कुणाच्या फोनवर ते आजही सांगत नाही. तिने ते आधी गटाला सांगितलं आणि मग लेकीला. ताई दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. "मला आधी सांगायचं!" हे तिचं दुःख. "तू ओरडतेस," हे आईचं उत्तर. मॅडम म्हणाल्या, घसरणं आणि लपवणं यात फरक आहे. ताई मनात म्हणाली, तुमच्या आईने केलं असतं म्हणजे कळलं असतं.

तरी ती बुधवार चुकवत नाही. आता तिला झोप लागते. तिने पुन्हा पैसे जमवून ऑपरेशन करवलं, आईचा उजवा डोळा लख्ख झाला, आणि रमीला हात न लावता पाच महिने गेले.

परवा दोघी बाजारातून येत होत्या. आई एकदम थांबली. "हल्ली तू विचारत नाहीस, खेळलीस का म्हणून."

"विचारलं की चिडतेस ना!"

"चिडते. म्हणून विचारायचं नाही होय?"

ताईने दोन्ही पिशव्या रस्त्यावर ठेवल्या आणि कमरेवर हात घेतले. "बरं बाई, खेळलीस का?"

"नाही," आई फणकारली. "काय हा संशय!"