एक पॉइंट दोनवरचा मामा

माझी बायको घरातल्या वस्तूंचे दोनच प्रकार करते. लागणाऱ्या, आणि तुम्ही आणलेल्या. कॅमेऱ्याची नवी लेन्स कुठल्या प्रकारात मोडते हे खोकं उघडायच्या आतच ठरलं होतं.

शाळेत विज्ञान शिकवत असल्यामुळे समजावून सांगायची खोड मला जडलेली आहे. मी म्हणालो, ही प्राइम लेन्स. हिला झूम नसतो. माणूस जवळून टिपायचा असेल तर आपणच चालत जवळ जायचं.

"म्हणजे पैसे मोजून वर चालायचं," ती म्हणाली.

"पण हिचं तोंड केवढं मोठं आहे बघ. एक पॉइंट दोन. हा आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं. अंधाऱ्या खोलीतही फोटो निघतो. आणि ज्याच्यावर नेम धरला तेवढंच स्पष्ट येतं, मागचं सगळं विरघळून जातं."

तिनं स्वयंपाकघरापासून बाल्कनीपर्यंत नजर फिरवली. "मागचं सगळं म्हणजे माझं घर ना?"

शेवटी तडजोड झाली. पसंत पडली नाही तर दुकानदार लेन्स परत घ्यायला तयार होता, भाचीच्या लग्नानंतरच्या सोमवारपर्यंत. लग्नात ती कामाला आली तर ठेवायची, नाहीतर मुकाट्यानं परत करायची.

भाची म्हणजे सांगोल्याकडे दिलेल्या माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पाचवीपासून पदवीपर्यंत ती सोलापुरात आमच्याकडेच शिकली. दात पडल्यापासून पहिल्या पगारापर्यंतचे तिचे सगळे फोटो मी काढलेत, आणि मीच काढलेत म्हणून त्यांतल्या एकातही मी नाही. हे बहिणीच्या लक्षात आलं होतं. लग्नाच्या याद्या होताना तिनं मला बजावलं.

"दादा, ह्या टायमाला क्यामेरा दुसऱ्याच्या हातात दे. मंगलाष्टकाला पोरीच्या मागं मामा म्हणून तू हुबा ऱ्हाणार हाईस. तुजा नि तिचा एक तरी फोटू मला पायजे. भितीवर लावणार हाय मी."

मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर तो फोटो मलाच जास्त हवा होता. पोरगी जाणार या विचारानं महिनाभर माझा जीव थाऱ्यावर नव्हता, आणि म्हणूनच मी लेन्समध्ये डोकं घालून बसलो होतो.

परीक्षा मी पद्धतशीर घेतली. लेन्स तपासायचे छापील तक्ते मिळतात म्हणे. आमच्याकडे चादर असताना तक्ता कशाला? गच्चीवर दोरीला चादर ताणून बांधली आणि तिच्या नक्षीवर नेम धरला. मधली नक्षी सूत न् सूत दिसली, कोपऱ्यांत मात्र ती पुसट झाली आणि जरा काळवंडली. मी चादर उलटी केली, आडवी केली, दुसरी लावली. समोरच्या गच्चीवरचे गृहस्थ बराच वेळ बघत होते. "मास्तर, नवा धंदा का?" त्यांनी विचारलं. "डबलबेडची असली तर दाखवा की."

मग उन्हात स्टीलचे डबे मांडले. चकाकत्या कडांना जांभळी रेघ येते का, हे बघायचं होतं. आली. ही काचेतली खोट आहे, डब्यांतली नाही, हे बायकोला पटेपर्यंत तिनं सगळे डबे पुन्हा घासले होते. शेवटची चाचणी शेंगांची. टेबलावर शेंगांची लांबलचक रांग लावून मी मधल्या एकीवर नेम धरला. ती शेंग अशी उठून आली की फोडून खावी.

"एवढ्या रांगेतली एकच शेंग आलीय," बायको म्हणाली. "बाकीच्यांनी काय पाप केलं होतं?"

मी तिला कलादृष्टी नाही असं म्हणालो. त्या रात्रीच्या भाजीत मीठ नव्हतं.

लग्नाच्या दिवशी कॅमेरा भवानी पेठेतल्या माझ्या एका दोस्ताच्या हाती दिला. त्याचा स्वतःचा स्टुडिओ आहे, त्यामुळे तो सहसा कुणाच्या सामानाचं कौतुक करत नाही. पण त्यानं पहिलाच फोटो काढला आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतच राहिला. कार्यालयातला उभा पंखा, लोंबणाऱ्या वायरी, मोबाइल उंच धरलेले चुलते, सगळं नाहीसं झालं होतं.

"मास्तर, ये तो मक्खन है," तो म्हणाला. "पीछे का कचरा सब गायब."

"मग एक पॉइंट दोन सोडायचं नाही," मी म्हणालो. "कुणी काही म्हणू दे. मागचं सगळं गेलं पाहिजे."

मागं कोण उभं राहणार आहे, हे दोघांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. वीस वर्षं मुलांना भिंगं शिकवणारा माणूस केशरी फेटा बांधून ऐटीत नवरीच्या मागं जाऊन उभा राहिला. अंतरपाट धरला गेला, मंगलाष्टकं सुरू झाली. भिंतीवर रडका मामा नको, म्हणून मी छाती पुढं काढली आणि कॅमेऱ्याकडे रोखून बघत राहिलो. शेवटच्या अक्षता पडल्याबरोबर मला राहवेना. दोस्ताकडून कॅमेरा मागून घेतला आणि पुढचे सगळे फोटो मीच काढले.

रविवारी बहीण आणि बायको माझ्या दोन बाजूंना बसल्या आणि मी लॅपटॉप उघडला. मंगलाष्टकांचा फोटो आला. नवरीचे डोळे, पापणीवर अडकलेला अक्षतेचा दाणा, मुंडावळ्यांचा एकेक मोती. मला स्वतःचाच अभिमान वाटला.

"लई झ्याक," बहीण म्हणाली. "आन् हे मागं केशरी ढगासारकं काय हाय?"

"फेटा."

"कुनाचा?"

"माझा."

मी पुढचा फोटो उघडला, त्याच्या पुढचा उघडला. सगळ्यांत ढग होता. एकात ढगाला मिशी असल्याचा भास झाला, पण तो पंखा निघाला.

"एवड्या वर्सांत एक फोटू मागितला व्हता तुला," बहीण म्हणाली आणि पदरानं डोळे पुसत उठली. बायकोनं कपाटातून लेन्सचं खोकं आणून माझ्यासमोर ठेवलं. दुसरा दिवस सोमवार होता. मी लेन्स पुसली, झाकण लावलं, खोक्यात ठेवली. मला फार वाईट वाटत होतं, आणि ते लेन्सचं नव्हतं.

त्याच संध्याकाळी सासरहून भाचीचा फोन आला. आईनं तिला फोटो पाठवले होते.

"मामा, तो मंगलाष्टकांचा मला मोठा करून पाठव. इथं खोलीत लावायचाय."

"अगं, बिघडलाय तो. मी नाहीच त्यात."

"आहेस की. माझा खांदा मोठा करून बघ."

मी बघितला. तिच्या खांद्यावरून पुढं आलेली माझी चार बोटं तिच्या डोळ्यांइतकीच स्वच्छ दिसत होती. नखांच्या कडेला खडूची पांढरी रेघसुद्धा होती. बोटांखाली शालूचा चोळामोळा झाला होता. माझा हात तिथं होता हेच मला आठवत नव्हतं.

"केवढं घट्ट धरलं होतंस," ती म्हणाली. "दुखत होतं मला. पण म्हटलं, असू दे. आता सुटणारच आहे."

मला विज्ञानाचं एक अक्षर आठवेना.

"फोकस चांगला बसलाय," मी म्हणालो.

बायको माझ्या खांद्यावरून फोटो बघत होती. तिनं खोक्यातून लेन्स काढून टेबलावर ठेवली आणि रिकामं खोकं माळ्यावर टाकलं.