तलावाच्या पाळीवरचं लाल फडकं

मोठेबाबा गेल्याचं बाबांनी फोनवर सांगितलं, तेव्हा मी नागपुरात हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवत होते. ताटात काय होतं ते आठवतं, मी काय बोलले ते नाही... बहुधा काहीच नाही. बाबांच्या या थोरल्या भावाला माझं न बोलणं आवडायचं. "हिच्यासंगं बसलं का मासोळीसंगं बसल्यावानी वाटते," म्हणायचे.

सिहोऱ्याजवळच्या आमच्या गावच्या तलावात ते आणखी दोघांच्या भागीदारीत झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, पाळत. एका पावसाळ्यानंतर झिंगे मरू लागले. दुकानदाराने दिलेली औषधाची पिशवी मोठेबाबांनी माझ्यापुढे धरली. "तुही इंग्रजी शाळा येऊ दे एखादखेप कामाले." बारीक अक्षरांत लिहिलं होतं, औषध अंगातून उतरेपर्यंत माल विकू नये, खाऊ नये. मी वाचून दाखवलं.

तेव्हापासून औषध टाकलं की ते पाळीवरच्या, तलावाच्या बांधावरच्या, बांबूला लाल फडकं बांधत. ते आहे तोवर जाळं टाकायचं नाही. भागीदार वैतागत. "दादा, बाकीचे इकूनच राहिले ना? कोन मेलं?"

"मरत नाही म्हणूनच तं भेव लागते. हे औषध थोडं थोडं पोटात जाते; उद्या लेकरू बिमार पडलं अन् त्याले औषधच लागू नाही झालं, मंग?"

पण भाव चढला की, मोठेबाबा घरी नसले म्हणजे, फडकं सोडलं जायचं. ते भांडत, अबोला धरत, पुन्हा बांधत. शेवटच्या भेटीत थकलेले दिसले. "तू वाचून मोकळी झालीस," हसून म्हणाले, "मी अटकलो..."

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलावावर गेले. तलावात नुकतंच औषध पडलं होतं आणि बांबूवर फडकं होतं. त्यांच्या मागेही कुणीतरी ते बांधलं, या विचाराने क्षणभर बरं वाटलं. मग व्यापाऱ्याचा टेम्पो आला. एका भागीदाराने फडकं सोडलं, घडी करून जपून खांद्यावर ठेवलं. जाळं पडलं, बर्फाचे डबे भरले, टेम्पो गेला. तो पुन्हा गाठ मारू लागला तेव्हा दुसरा पाण्यातून ओरडला, "नीट बांध बे, दादाचं हाय."

माझ्या हातात भागीदारांनी झिंग्यांची पिशवी दिली. घरचा वाटा. मी काही बोलले नाही. वर फडकं हलत होतं, गाठ पक्की होती.